चेड्याचा आसूड

दसऱ्याच्या सुमारास बदलापूरच्या बाजारात झेंडूचे ढीग लागले की मी पिशवी घेऊन बाहेर पडायचे टाळतो. घरात याची भरपूर थट्टा होते. "फुलांना घाबरणारा पोलीस," असे नात म्हणते. म्हणू दे. तिने झेंडूच्या पाकळ्या छताला चिकटलेल्या पाहिलेल्या नाहीत. मी पाहिल्या आहेत. नोकरीतली कितीतरी प्रकरणे आता धूसर झाली, पण हे एक जसेच्या तसे डोळ्यांपुढे उभे राहते.

तेव्हा मी सहायक पोलीस निरीक्षक होतो. अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीचा काही भाग आमच्या ठाण्याच्या हद्दीत होता. प्रकरणातल्या कुणाचेही नाव मी लिहिणार नाही. जे गेले ते गेले, आणि जे आहेत त्यांना त्याच वसाहतीत पोट भरायचे आहे.

खंडेनवमीला आमच्या ठाण्यात शस्त्रे घासूनपुसून पाटावर मांडत. रायफली, पिस्तुले, बेड्या, सगळ्यांना कुंकू आणि फूल. दसऱ्याला दुपारी आरती झाली की ती परत शस्त्रागारात जात. त्या दिवशी आरती नुकतीच आटोपली होती आणि मी एकेकाला आपट्याची पाने देत होतो. तेवढ्यात फोन आला. लोखंडी सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात विजेचा धक्का लागून माणूस दगावला होता. सणाच्या दिवशी असला फोन आला की पहिल्यांदा चिडच येते, नंतर त्या चिडीची लाज वाटते. मी हवालदाराला घेऊन निघालो.

कारखान्याच्या फाटकावर तोरण होते. मालक कपाळाला टिळा लावून, नव्या कपड्यांत, कपाळाचा घाम पुसत उभे होते. कामगार पटांगणात घोळका करून होते. मेलेला माणूस वीज विभागाचा सुपरवायझर होता. पन्नाशीचा, कामाला चोख, बोलायला तिखट, राहायला बदलापूरला मांजर्लीत. दसऱ्याच्या दुपारच्या मुहूर्तावर मालकांच्या हस्ते एक मशीन फिरवायचे, अशी तिथली रीत. त्यासाठी आदल्या दिवसापासून बंद असलेली वीज चालू केली. त्यानंतर काही वेळाने सुपरवायझर एकटाच पॅनेल रूमच्या खालच्या तळघरात गेला. वर आरती सुरू असताना जमिनीच्या पोटातून म्हैस हंबरावी तसा आवाज आला, दिवे गेले, मशीन थांबले. खाली जाऊन पाहतात तर तो मेलेला.

"आवाज किती वेळ आला?" मी विचारले.

"आला म्हणेपर्यंत संपला, साहेब," वॉचमन म्हणाला. "पण पायाखालची फरशी हलली."

वरच्या पॅनेल रूममध्ये जळका वास होता. जिन्याने खाली उतरलो तसा तो वास मागे राहिला. खाली फक्त ताज्या चुन्याचा आणि झेंडूचा वास. ट्रान्सफॉर्मरपासून पॅनेलपर्यंत वीज नेणाऱ्या केबल या तळघरातून जात. भिंतीला लोखंडी फळ्या, त्यांवर मनगटाएवढ्या जाड काळ्या केबल. समोरच्या भिंतीला टेकून सुपरवायझर बसला होता. दमलेला माणूस जेवणानंतर टेकतो, तसाच. डोळे उघडे. कपडे कुठेही जळलेले नव्हते, हातांवर डाग नव्हता. पण मानेच्या डाव्या बाजूपासून उजव्या कुशीपर्यंत सदरा फाटला होता आणि खाली मनगटाएवढा रुंद, काळानिळा पट्टा उमटला होता.

बॅटरी वर फिरवली तर छताला झेंडूच्या पाकळ्या. भिंतींवर पाकळ्या, कोपऱ्यात पाकळ्या, मृताच्या केसांत पाकळ्या. फळीला बांधलेली माळ कुणीतरी खवळून पिंजून फेकावी तशी. आणि नव्याने चुना दिलेल्या भिंतीवर, बरोबर छातीच्या उंचीला, एक लांबलचक काळा वळसा उमटला होता.

माझा हवालदार जुना माणूस. मुडदे पाहून त्याची नजर मेली होती. तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "साहेब, हा शॉक नाही. ह्याला कुणीतरी झोडपलाय."

जिन्यावर उभा असलेला एक कामगार भिंतीवरच्या काळ्या वळशाकडे बोट दाखवून पुटपुटला, "चेड्याचा आसूड." आणि पळत वर गेला. त्याला पुन्हा खाली बोलावले, पण तो काही आला नाही.

पंचनामा केला. मृताच्या खिशात एक मोबाईल आणि काळ्या प्लास्टिकच्या बांधायच्या पट्ट्यांची जुडी मिळाली. तसल्याच पट्ट्यांचे तुकडे जमिनीवरही विखुरलेले होते. हल्ली या पट्ट्या कशालाही वापरतात. हवालदाराने मनगटावर मनगट ठेवून खूण केली. हात बांधायला आणल्या असतील, असे त्याला म्हणायचे होते. मृताच्या मनगटांवर तर वळ नव्हते.

वर आल्यावर पूजेची मांडणी पाहिली. लाल कापडावर नट आवळायचे पाने, पक्कड, हातोडे, कानशी. पुढच्या ओळीत अर्धगोल, चकचकीत घासलेले धातूचे भाग, प्रत्येकाला कुंकू, प्रत्येकावर एक फूल. कुठल्याशा मशीनचे सुटे भाग असतील, असे समजून मी पुढे गेलो. अकस्मात मृत्यूची नोंद झाली आणि नियमाप्रमाणे विद्युत निरीक्षकांच्या कार्यालयाला कळवले. सणाच्या सुट्ट्या होत्या, तिथून कुणी यायला वेळ होता. तळघराला आम्ही सील ठोकले.

शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी मला मुद्दाम आत बोलावून घेतले. "वीज शरीरातून गेल्याची एकही खूण नाही," ते म्हणाले. "बरगड्या मोडल्यात, मान मोडलीय. एकच घाव आहे. जाड, गोल, लवचिक वस्तूचा. जाड दोरखंड म्हणा हवं तर."

"म्हणजे खून?"

"ते तुम्ही ठरवा. मी एवढंच सांगतो, असा घाव घालायला माणसाच्या हातात बळ नसतं. माणसाच्या हं."

त्या शेवटच्या दोन शब्दांनी माझ्या अंगावर काटा आला, हे कबूल करायला मला आज काही वाटत नाही.

खबर आली ती दुसऱ्याच दिवशी. त्याच कारखान्यातल्या एका माणसाने फोन करून सांगितले, ठाण्यात येणार नाही, उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये भेटा. तिथल्या एका गल्लीत जीन्स शिवणारे कारखाने आहेत. शिलाई मशीनच्या खडखडाटात शेजारच्याला बोललेले ऐकू येत नाही, म्हणून त्याने ती जागा निवडली होती. भित्रा माणूस जागा निवडण्यात फार हुशार असतो, हे मी नोकरीत अनेकदा पाहिले आहे.

"साहेब, मेरा नाम नको," तो माझ्या कानात जवळजवळ ओरडत म्हणाला. "पण दादूसला विचारा. दसऱ्याच्या सकाळी सुपरवायझरबरोबर त्याची जाम वाजली होती. सगळ्यांसमोर बोलला, चेड्याचा आसूड अंगावर आला म्हणजे कळेल. और दोपहर को वो गायब था. आरतीला सगळे होते, दादूस नव्हता."

दादूस म्हणजे आगरी बोलीत मोठा भाऊ. कारखान्यात सगळे त्याला याच नावाने हाक मारत, म्हणून मीही इथे तेच लिहितो. तो देखभाल खात्यात मदतनीस होता. कारखाना उभा आहे ती जमीन एके काळी त्याच्या आजोबांच्या भाताच्या शेताची. शेताच्या बांधावर शेंदूर लावलेला दगड होता, तो चेडा. चेडा म्हणजे शिवेचा राखणदार, हातात आसूड घेऊन फिरतो, असे त्यांच्या पाड्यात मानतात. शेत गेले, कारखाना आला, पण दगड कुंपणाच्या भिंतीला लागून राहिला आणि दर दसऱ्याला कंपनीकडून त्याला नारळ मिळत राहिला. त्या वर्षी भिंतीला नवा रंग दिला होता. शेंदूर नको, तेल नको, नारळ नको, असे सुपरवायझरने बजावले. भांडणाचे मूळ एवढेच.

आता पोलिसाच्या नजरेने बघा. कारण होते, उघड दिलेली धमकी होती, माणूस त्या वेळी जागेवर नव्हता. तळघराला केबल आत घ्यायची एक खिडकी होती, तिच्यातून अंग चोरून माणूस शिरू शकतो. ती खिडकी उघडत होती थेट चेड्याच्या दगडाजवळ. आमच्या वरिष्ठांनी एवढे ऐकून विचारले, "मग वाट कसली बघताय?"

दादूसला आणले. मजबूत हाडाचा, चाळिशी ओलांडलेला माणूस. चौकशीच्या खोलीत येणारा माणूस साधारण दाराकडे बघतो, नाहीतर साहेबाच्या हाताकडे. हा जमिनीकडे बघत होता. मी नाव विचारायच्या आत तो म्हणाला, "साहेब, मनाच पकरा. मीच मारला त्याला."

माझ्या शेजारचा लेखनिक सरसावून बसला. मी त्याला हातानेच थांबवले.

"कशानं मारलंस?"

"मी चेड्यापुढं नारल फोरला. माज्या पैशाचा. आन बोललू, त्याला दाखव तुजा आसूड."

"मग?"

"बोललू आन जमीन हंबरली, साहेब. माज्या पायाखालशी. नारलाचं पानी हातावर तसाच व्हता. मी धावत गेलू. त्यो बसलेला. आंगावर आसूड उठलेला." त्याने दोन्ही हात माझ्यापुढे धरले. "त्याला पोरीचं लगीन करायचं व्हतं ओ. मी काय मागून बसलू!"

मी त्याला उलटसुलट विचारले. खिडकीतून शिरलास का, हत्यार कुठे टाकलेस, बरोबर कोण होते. शिकवून आलेला माणूस प्रत्येक प्रश्नाला उत्तर देतो. याच्याकडे एकाच गोष्टीचे उत्तर होते, आणि ते तो पुन्हापुन्हा त्याच शब्दांत देत होता. पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात टिकत नाही, पण हा गडी न्यायाधीशांसमोरही हेच म्हणाला असता. 'मीच मारला' एवढे दोन शब्द खरे धरले असते तर चेडा, नारळ, जमिनीचे हंबरणे हे सगळे वेड पांघरल्यात जमा झाले असते. वरिष्ठांना तेच हवे होते. सण झाला, प्रकरण मिटले. मला मात्र डॉक्टरांचे शब्द सोडत नव्हते. ज्याच्या हातात तेवढे बळ नाही, त्याच्या हातात बेडी कशी घालायची?

त्याला अटक न करता आम्ही रोज चौकशीला बोलावत होतो. तो सकाळी स्वतःच येऊन बाकावर बसे. जेवत मात्र नव्हता. डबा उघडायचा, बघायचा, झाकण लावायचा. त्याची बायको एका दुपारी मला गाठून म्हणाली, "सायेब, तुमी यांना सोरा नायतर आत घाला. पन येवरा सांगा, का देव मानसाला मारीत नाय. माजा आयकत नायत. चार दिस पोटात अन्न नाय. असाच चाललं तर तुमच्या कोर्टाच्या आधीच जातील."

तिला काय सांगणार? मी चेडा मानत नाही. पण दुसरे उत्तर माझ्याकडे नव्हते, आणि रिकाम्या हाताने धीर देण्याची मला चीड आहे. मी फक्त मान हलवली.

त्याच संध्याकाळी शस्त्रागाराची मोजणी चालली होती. हवालदार रायफलींच्या दस्त्यावरचे वाळलेले कुंकू कापडाने पुसत होता. दारावरच्या पहारेकऱ्याच्या रायफलीवरही कुंकवाचा ठिपका होता. मी सहज, काहीतरी बोलायचे म्हणून विचारले, "ही पण पाटावर होती का रे?"

हवालदार हसला. "काय साहेब! पहाऱ्याचं हत्यार कधी पूजेत ठेवतात का? त्याला जागेवर, उभ्या उभ्या कुंकू लावायचं. ती पाटावर जाऊन बसली तर ठाणं कुणी राखायचं?"

मी चहाचा कप खाली ठेवला. का ते मलाही लगेच कळले नाही. डोळ्यांपुढे लाल कापड आले आणि त्यावर पुढच्या ओळीत मांडलेले, चकचकीत घासलेले ते अर्धगोल तुकडे. कारखान्यातली बाकी सगळी हत्यारे हातात धरायची होती. पाने, पक्कड, हातोडे. ते तुकडे हातात धरायचे नव्हते. ते कशाला तरी धरून ठेवायचे होते. मग जिथून ते काढले, तिथे दोन दिवस काय होते?

दुसऱ्या दिवशी विद्युत निरीक्षक मॅडम आल्या. तिशीच्या, पायात जाड बूट, बोलणे मोजके. आधी त्यांनी वरची पॅनेल रूम पाहिली. मुख्य पॅनेलच्या तळाशी एक घूस कोळसा होऊन पडली होती. नवमीला पॅनेलची दारे उघडी ठेवून आत गूळखोबऱ्याचा नैवेद्य ठेवला होता, त्या वासाने ती शिरली आणि वीज आल्यावर वीज वाहणाऱ्या दोन तांब्याच्या पट्ट्यांच्या मध्ये सापडली. शॉर्ट सर्किट झाले ते तिथे. जळका वास तिथलाच.

"पण माणूस तर खाली होता," मी म्हणालो. "आणि तो जळलेला नाही."

त्या पूजेच्या मांडणीपुढे जाऊन उभ्या राहिल्या. फुले सुकून तपकिरी झाली होती. सुतकातल्या घरासारखे त्या मांडणीला कुणी हात लावला नव्हता. मॅडमनी एक अर्धगोल तुकडा उचलला, त्यावरचे कुंकू बघितले, आणि त्यांचा चेहरा बदलला.

"हे इथे काय करताहेत?"

"काय आहे ते?"

"केबलचे क्लॅम्प, साहेब. केबलला फळीशी जखडून ठेवतात ते." त्या धावल्यासारख्या जिना उतरल्या.

खाली त्यांनी केबल हाताने हलवली. ती नुसती फळीवर ठेवलेली होती. एकदोन ठिकाणी प्लास्टिकच्या पट्टीची गाठ, बाकीच्या पट्ट्या तुटलेल्या. मग त्यांनी मला भिंतीवरच्या त्या काळ्या वळशाला बोट लावायला सांगितले. बोटाला काजळी आली नाही. केबलवरच्या रबरी आवरणाचा घासून उमटलेला काळपट थर होता तो.

"शेजारी शेजारी असलेल्या केबलमधून वीज धावली की त्या एकमेकींना ढकलतात किंवा ओढतात," त्या म्हणाल्या. "रोजच्या विजेला ते जाणवतसुद्धा नाही. वर पॅनेलमध्ये शॉर्ट सर्किट झालं की खालच्या या केबलमधली वीज कित्येक पटींनी वाढते आणि ढकलण्याचा जोर त्याहून कित्येक पटींनी. क्षणभरच. पण त्या क्षणात हातभर केबलवर गाडीच्या वजनाएवढा रेटा येतो. क्लॅम्प असेल तर तो रेटा सोसतो. प्लास्टिकची पट्टी केबल नीटनेटकी दिसावी म्हणून ठीक आहे. तो झटका तिला सोसत नाही."

त्यांनी पटांगणातून चार कामगार बोलावले. कसेबसे उतरले बिचारे. मॅडमनी त्यांना केबलचा सुटा भाग फळीवरून उचलायला सांगितला. चौघांच्या मानेच्या शिरा ताठल्या, तेव्हा ती कुठे वीतभर उठली.

"ही इथून उडाली आणि त्या भिंतीला घासून परत आली," मॅडम म्हणाल्या. "मध्ये ते उभे होते."

माळ केबलच्या फळीलाच बांधलेली होती, म्हणून पाकळ्या छताला गेल्या. आसूड होताच. फक्त तो भिंतीवर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, वर्षानुवर्षे टांगलेला होता. खरे सांगतो, हे कळल्यावर मला त्या तळघराची भीती कमी वाटायच्या ऐवजी जास्त वाटली. मी भिंतीपासून दोन पावले मागे सरलो. वीज बंद आहे हे ठाऊक असूनही.

"त्या दिवशी तुम्ही पहिल्यांदा खाली आलात तेव्हा ही केबल कुठे होती?" मी त्या चौघांना विचारले.

"त्यांच्या पायावर पडलेली, साहेब. आम्ही आठदहा जणांनी मिळून बाजूला केली, फळीवर ठेवली."

"हे मला त्या दिवशी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलं कुठे?" एक जण बावरून म्हणाला. त्याचेही बरोबर होते. साक्षीदार खोटे बोलतातच असे नाही, पण त्यांना जे सांगण्याजोगे वाटत नाही ते ते सांगत नाहीत.

बाकीचे त्यांच्याच तोंडून उलगडत गेले. नवमीला वीज बंद करून तळघराला चुना दिला, फळ्या रंगवल्या, त्यासाठी क्लॅम्प उतरवले. रंग ओला होता म्हणून केबल तात्पुरत्या प्लास्टिकच्या पट्ट्यांनी बांधल्या. उतरवलेले क्लॅम्प घासून पूजेत गेले, पानेही गेले. आणि एकदा हत्यार पूजेत ठेवले की दसऱ्याची आरती होईपर्यंत ते उचलायचे नाही. सुपरवायझरचे वडील लेथवर काम करत, त्यांचा हा नियम, आणि तो मुलाने जन्मभर पाळला होता. दुसऱ्याच्या दगडाला नारळ नको म्हणणारा हा माणूस स्वतःच्या पान्याला हात लावायला तयार नव्हता. मालकांचा मुहूर्त तर टळणार नव्हता. वीज चालू झाली.

आणि खिशातली ती पट्ट्यांची जुडी? ती कुणाचे हात बांधायला नव्हती. त्याला चैन पडले नसणार. आपण काय मागे ठेवून आलो आहोत हे त्या तळघरात त्याच्याइतके कुणाला कळत नव्हते. पाना उचलता येत नाही, म्हणून तो नुसत्या हातांनी आणखी पट्ट्या आवळायला खाली गेला. वर टाळ्या वाजत होत्या तेव्हा तो ते करत होता. शत्रूलाही असे मरण येऊ नये.

खुनाचा संशय गेला. निष्काळजीपणाचे प्रकरण त्याच्या वाटेने पुढे गेले. त्यात कुणावर काय ठपका आला ते इथे सांगत बसत नाही. मला घाई होती ती दादूसची.

तो नेहमीच्या बाकावर होता, शेजारी बायको. मी खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसलो आणि सगळे सांगितले. घूस, केबल, झटका, भिंतीवरचे रबर. "तुझ्या चेड्यानं काही केलेलं नाही," मी म्हणालो. "तुझ्या नारळानंही नाही. क्लॅम्प जागेवर असते तर सुपरवायझर आज जिवंत असता."

त्याच्या बायकोने पदर तोंडाला लावला आणि ती रडू लागली. सुटकेचे रडणे वेगळे कळते. दादूस मात्र माझ्याकडे बघत राहिला. एवढ्या दिवसांत त्याने पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत पाहिले.

"साहेब, ते किलॅम्प," तो म्हणाला, "पूजेत मीच ठेवलं. सुपरवायझर बोललेला, पेटीत भर. मी बोललू, वरीसभर अंधारात काम करतान बिचारे, त्यांनाबी कुंकू लागू दे. त्यो हसला. बोलला, ठेव." त्याने दोन्ही हात पुन्हा माझ्यापुढे धरले. "पेटीत असतं तर त्यानं काढून लावलं असतं ना? पूजेतलं त्यो कसा उचलनार? मंग मीच ना, साहेब?"

तीस वर्षांच्या नोकरीत मला हजारो प्रश्न विचारले गेले असतील. वकिलांनी विचारले, न्यायाधीशांनी विचारले. असा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मला वाटत होते मी त्याच्या मानेवरचे ओझे उतरवायला आलो आहे. मी फक्त ते या खांद्यावरून त्या खांद्यावर दिले होते. चेड्यावर ढकलता येत होते तोवर निदान त्याला भागीदार तरी होता.

शेवटी मी म्हणालो, "पाने पण पूजेतच होते ना? क्लॅम्प पेटीत असते तरी तो कशानं आवळणार होता? हुकूम त्याचा होता, मुहूर्त मालकाचा होता. तू कुंकू लावलंस. माया करणं हा गुन्हा कुठल्याच कलमात बसत नाही. पण आता यापुढे ते जागेवर राहतील, हे बघणं तुझं काम."

त्याने डबा उघडला. भाकरीचा एक तुकडा मोडला, हातात धरून ठेवला, आणि आधी बायकोला दिला. मग स्वतः खाल्ला. मी उठून बाहेर गेलो, कारण माझे डोळे भरून आले होते आणि वर्दीत ते बरे दिसत नाही.

पुढे मॅडमच्या देखरेखीखाली क्लॅम्प बसवले गेले, तेव्हा दादूस ते काम स्वतः मागून घेऊन खाली उतरला. त्याने प्रत्येक क्लॅम्प आवळला आणि मॅडमनी प्रत्येक तपासला. सुपरवायझरच्या मुलीच्या लग्नात तो मांडवाच्या दारात सकाळपासून उभा होता, हेही मला नंतर कळले.

या प्रकरणाने मला काय शिकवले, असे लोक विचारतात. तपासात घाई करू नये, हे तर कुणीही सांगेल. मी एक वेगळी गोष्ट शिकलो. जी वस्तू, जो माणूस वर्षभर काहीच करताना दिसत नाही, त्याच्याकडे नीट बघावे. दारावरचा पहारेकरी, अंधारातला क्लॅम्प. त्यांचे काम एका क्षणाचे असते, आणि तो क्षण पंचांग बघून येत नाही. त्यांची पूजा करायची तर उभ्या उभ्या, जागेवर करावी.

मी निवृत्त होऊन आता काही वर्षे झाली. दर खंडेनवमीला दुपारी मला एक फोन येतो. पलीकडे मशीनचा आवाज नसतो, कारण वीज बंद असते. तळघरात उभ्या असलेल्या माणसाचा आवाज घुमतो तसा त्याचा आवाज घुमतो.

"साहेब, दादूस बोलतंय. सगल्यांना जागेवरच कुंकू लावला. एक पन हलवला नाय."

"बरं," मी म्हणतो. "जेवलास का?"

"आता जेवतो."

घरी पुरणाचा स्वयंपाक झालेला असतो, नात हाका मारून थकते. तो फोन येईपर्यंत मी पानावर बसत नाही.